वास आहे ना?

—तशी नव्हे गं अक्षरा, चकती उजेडाकडे धर — दिसला मधासारखा रंग? प्लास्टिकच हे, पण निम्म्याहून जास्त गंधक. आणि गंधक कुठलं? शेजारच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून तो वायू निघतो ना, सडक्या अंड्यांच्या वासाचा, त्याच्यातलं. आधी जाळूनच टाकायचे सगळे. तुझे बाबा, आमचा नागनाथ, मला म्हणाले, रघुजी, एवढं वाया कशाला घालवायचं? — आणि उभा राहिला की नाही प्लांट, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ह्या पत्र्याच्या शेडमध्ये? नाकाशी धर बघू. नाही ना वास? नसणारच. एकदा त्याचं प्लास्टिक झालं की तो वायू निमूट बसतो — म्हणजे, असं नागनाथ म्हणायचा.

स्वल्प जपून, पायरी आहे इथे. आता दारात वास आला असेल तुला — आला? सरी, सरी, ठीक आहे. भिऊ नकोस, एवढा असतोच, हे माझ्या खिशावरचं मीटर बघ, शून्य दाखवतंय. तेव्हा हे नव्हतं, नंतर आलं. तेव्हा आमची एक रीत होती — आत गेलेल्याला बाहेरच्यानं सारखं विचारायचं, "वास आहे ना?" आणि त्यानं ओरडायचं, "आहे!" वास येतोय तोवर बरं. कारण हा वायू फार झाला की आधी नाकच मारतो, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं, चला, गळती थांबली. नागनाथला ठाऊक नव्हतं? अगं, रीत त्यानंच घातलेली! पण त्या दिवशी पाना घेऊन नळी तोच आवळत होता, आणि आपण आवळली म्हणजे थांबणारच, असा त्याला आपल्या हाताचा भरवसा — मी विचारलं, "वास आहे ना?" तर आतून हसत म्हणतो, "गेला, गेला! चला जेवायला." मी मास्क चढवून आत पोचेपर्यंत... जाऊ दे. तुझ्या आईला हे बोलू नकोस हं. वहिनींना मी सांगितलंय, तो काही बोललाच नाही. चकती दे इकडे. नाही, ही नाही न्यायची — ही त्याच दिवशीच्या वायूची आहे. त्याच्या छातीत गेला, तोच. माझ्या खिशातच असते.

सोमवारपासून तू त्याच्या जागेवर येणार म्हणे. मी नको म्हटलं ऑफिसात. हो, मीच. लपवून काय करू? तू हुशार आहेस गं, प्रश्न तो नाही. मला भीती वाटते. राजाजीनगरला घरी देवापुढे उदबत्ती लावली तरी मी बायकोला, अंबुबाईला विचारतो, वास आहे ना? ती बिचारी हातातलं काम टाकून "आहे" म्हणते. डॉक्टर म्हणतात, नाक चांगलं शाबूत आहे तुमचं. असेल. पण माझ्या नाकावर माझाच विश्वास उरला नाही, म्हणून तर तुला सारखं —

काय म्हणालीस? आता नाही येत? मघाशी दारात येत होता आणि आता गेला? सवय झाली असेल, बरोबर आहे तुझं, शून्यच आहे, दिसतंय ना मला शून्य — तरी बाहेर हो. हसू नकोस! त्याच्यासारखी हसू नकोस, अक्षरा. पर्स राहू दे. दाराकडे — पळ म्हणतो ना! मी? तू हो पुढे. मी नागनाथला घेऊन आलोच.