साहेबापुढं लंगडायचं न्हाई

अगं, आमच्या ह्यांचं काय सांगू! फौजेत ड्युटीवर घोटा मोडला, तरी अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली. अपील केलं, तवा पुण्याला डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. आमच्या हिर्डोशी गावापासून एसटीत हे दात आवळून बसले होते.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "हवालदार, चालून दाखवा."

हे परेडला निघाल्यागत ताठ चालले! डॉक्टर तसंच लिहायला लागले. मी दारातूनच ओरडले, "अहो, घरी लंगडता तसं लंगडा की!"

"साहेबापुढं लंगडायचं न्हाई," हे म्हणाले.

डॉक्टरांनी पेन ठेवलं, खाली वाकून ह्यांचा बूट काढला. घोटा टम्म सुजलेला.

"दुखतंय? खरं सांगा, हुकूम आहे."

"व्हय साहेब. लई दुखतंय."

अपील मंजूर झालं ते नंतर. पण 'दुखतंय' असं त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.