पाव तीनचं भाषण

...आणि वर मलाच विचारतो, "सीगमार, तोंड का पाडलंस? आज आनंदाचा दिवस!" आनंदाचा? तुम्हाला सांगतो, मी डूख धरणारा माणूस नाही, विचारा आमच्या रमोनाला. पण हा हार्टविग, माझा साडू, पस्तीस वर्षं दर तीन ऑक्टोबरला पश्चिमेकडून, पार ओल्डेनबुर्गहून येतो, पूर्व-पश्चिम देश एक झाला म्हणून आमच्या गावच्या लिंडनच्या झाडाखाली आमचाच माइक धरतो आणि तीच ती गोष्ट सांगतो... नव्वद साली त्याने मला आयुष्यातला पहिला किवी दिला आणि मी तो सालासकट खाल्ला. सालासकट! अख्खं गाव हसतं. बँडवाले हसतात. रमोना, माझी लग्नाची बायको, तीही हसते!

अहो, गावाबाहेरच्या सरहद्दीच्या तारेला पहिली कातर मी लावली होती. हाताला सात टाके पडले, हे बघा! हे कुणाला आठवतं? नाही. साल आठवतं! मला एकदाच, फक्त एकदाच, त्या माइकवरून ही कातरीची गोष्ट सांगायची होती. मी डूख धरणारा नाही, म्हणून शांतपणे फोन केला. म्हटलं, "हार्टविग, यंदा कार्यक्रम पाव तीनला."

आता पाव तीन म्हणजे आमच्या थुरिंगियात सव्वादोन. दोन वाजून गेले, तिसऱ्या तासातला पाव सरला, शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या ओल्डेनबुर्गात असं कुणी बोलत नाही, तो समजणार सव्वातीन. पस्तीस वर्षं येतोय, पण कधी विचारलंय, की बाबांनो, तुमचं घड्याळ कसं चालतं? विचारणं त्याला माहीतच नाही, तो फक्त सांगतो! म्हणाला, "पाव तीन, पोचलोच समज." मी फोन ठेवला आणि प्लमच्या केकच्या दोन वड्या उभ्यानेच हाणल्या.

सव्वादोनला गाव हजर. बँड हजर, शेगडीवर सॉसेज हजर, माझं भाषण खिशात, चार पानं. आणि सरपंचबाईंचा पत्ता नाही! त्या आल्याशिवाय माइक सुरू होत नाही. अडीच झाले. पाऊस भुरभुरायला लागला. पावणेतीन... आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरपंचबाई नवीन, मूळच्या कीलच्या, म्हणजे हार्टविगच्याच बाजूच्या. आणि त्यांनाही फोनवर वेळ कुणी सांगितली होती? मी!

सव्वातीनला दोन गाड्या मागोमाग आल्या. एकीतून बाई, दुसरीतून साडू. बाई खूश. "वा, हार्टविगसाहेब, तुम्ही तरी वेळेवर! ही मंडळी कधीपासून भिजतायत कोण जाणे." आणि माइक दिला कुणाला? त्यालाच!

किवीची गोष्ट झाली. सरहद्दीची तारसुद्धा आली हो त्यात, पण नुसती त्याच्या गाडीमागे देखाव्यापुरती! मग खिशातून खराखुरा किवी काढून म्हणतो, "सीगमार, आता तरी नीट खाऊन दाखव." खिशात माझी चार पानं लगदा झालेली. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ला. सालासकट. काय करता?

शेवटी ट्रॉम्बोनवाल्या वेर्नफ्रीडला माझी दया आली. तो ओरडला, "चला, आटपा आता, पाव पाच झाले."

हार्टविगने घड्याळ पाहिलं. "सव्वाचार तर झालेत. पाव पाचला अजून तासभर आहे," म्हणाला, आणि माइक पुन्हा हातात घेतला.