भागाकार पुढच्या रविवारी

"आजच काय ते लिहून घे. ही तीन रविवारवाली हाय!"

असं म्हणाली हो ती! चौथीतली पोरगी! आणि कुणाला? मला! म्हणजे मला नाही, माझ्याबद्दल. मी ते ऐकायलाच नको होतं. मी आपली बालगृहाच्या पाण्याच्या टाकीमागे हाताचा खडू धूत उभी, आणि पलीकडे नळावर ताटं घासत बसलेल्या ह्या दोघी, संध्या आणि हर्षाली, माझं भविष्य सांगतायत. हर्षाली पाचवीतली, ती बिचारी माझ्या बाजूने, "नाय गं, ही तशी नाय, ही भागाकार शिकवणार हाय मला," तर ही संध्या, एवढीशी, राखेचा हात कपाळाला पुसत काय म्हणते? "बांगड्या बघ हिच्या. नवीन लग्नाची हाय. नवीन लग्नाच्या तीनच रविवार येतात. मग त्यांच्या घरी कायतरी निघतं."

कायतरी निघतं! तुम्हाला सांगते, इतकं नेमकं माझ्याबद्दल माझ्या पत्रिकेत नव्हतं लिहिलेलं! आणि ही काही मला बघून सुचलेली गोष्ट नाही बरं का, त्यांच्याकडे यादीच आहे. केक घेऊन येतात ते एका रविवारवाले. वाढदिवस त्यांचा, टाळ्या पोरींनी वाजवायच्या, नाकाला क्रीम लावून घ्यायची, संपलं. कॉलेजातून येतात ते सर्टिफिकेटवाले, ते जरा टिकाऊ, पाच-सहा रविवार निघतात. आणि मग आम्ही, बांगड्यावाल्या. मला वाटलं, पुढे व्हावं आणि ठणकावून सांगावं, अगं ए शहाणे, माझ्या घरी काही निघणार नाही! पण मी बोलले का? छे. ओला हात ओढणीला पुसला आणि मागच्या मागे निघून आले. नवीन ना मी!

नवीन म्हणजे कशी, तर लग्नाला दोन महिने. माहेर सिन्नरकडचं. तिथे पडवीत फळा टांगून मी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. सासर इंदिरानगरात, सासऱ्यांचे शहराबाहेर झेंडू-शेवंतीचे वाफे, घरभर फुलांचा वास आणि माणसांचा आवाज, आणि त्यात मी अशी गप्प की शेजारच्या छायाकाकूंनी आईंना, म्हणजे सासूबाईंना हो, जिन्यात गाठून विचारलं होतं, "सून बोलते ना हो? नाही, आपलं सहज विचारलं."

तर त्या घरात माझी नणंद, ज्योत्स्नाताई. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्यांचा ग्रुप दर रविवारी पेठ रस्त्याच्या ह्या मुलींच्या बालगृहात शिकवायला जातो, पिवळे टी-शर्ट, पाठीवर उगवता सूर्य. त्यातली एक मैत्रीण गावाला गेली आणि एक सूर्य रिकामा पडला. "वहिनी, तुम्ही चला ना! काही करायचं नाही, नुसतं मुलींमध्ये मिसळायचं!" आई म्हणाल्या, जाऊ दे, चांगलं काम आहे, लोक नावाजतात. मला कुणी विचारलं? मला विचारायची पद्धत अजून पडायची होती. मी घातला सूर्य.

आणि पहिल्याच रविवारी काय बघते! ग्रुपमधला तो कुंदन, मनाने फार चांगला मुलगा, पण आवाज असा की वाऱ्याने पत्रा हलावा, टाळ्या वाजवत, "चला फ्रेंड्सऽऽ! गोल करा! आधी ओळख! आपलं नाव सांगायचं, आणि मोठं होऊन काय व्हायचंय ते सांगायचं!" पोरी उठल्या, गोल झाला. इतका पटकन, इतका गोल, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "माझे नाव अमुक, मला डॉक्टर व्हायचंय." "मला कलेक्टर." "मला पोलीस." सगळ्यांचा एकच सूर, बाराखडी म्हणावी तसा. आणि मध्येच एक बारकी अडखळली, इकडेतिकडे बघायला लागली, तर शेजारची दातांतल्या दातांत, "पायलट! तू पायलट!" की ती लगेच, "मला पायलट व्हायचंय!" कुंदनच्या डोळ्यांत पाणी! "बघितलंत वहिनी, केवढी स्वप्नं आहेत ह्यांची!"

स्वप्नं! नंतर हर्षालीने सांगितलं मला. एकदा म्हणे सगळ्याच जणी टीचर म्हणाल्या, तर आलेला दादा हिरमुसला. "म्हणून मग वाटून घेतलं ताई."

मग शिकवणं सुरू. कुंदनने लाल कागद वर धरला, "हा रंग कोणता?" पाचवीतल्या पोरी, घोड्याएवढ्या! आणि त्यातली एक विचार केल्यासारखं करून म्हणते, "हिरवा?" मग कुंदन समजावणार, मग ती "लाऽऽल!" म्हणणार, मग टाळ्या. मी हर्षालीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काय गं, तुम्हाला लाल कळत नाही? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं एखाद्या खुळ्या पाहुणीकडे बघावं. "कळतं ना ताई. पण पहिल्यांदाच बरोबर सांगितलं की ते गप उभे राहतात. मग त्यांना पुढं काय करावं सुचत नाय. म्हणून एकदा चुकायचं."

पटतंय का तुम्हाला? आपण समजतो आपण शिकवायला जातो, आणि त्या पोरी आपलं मन सांभाळत असतात! येणारा प्रत्येक जण नवा, म्हणून प्रत्येक जण पहिल्यापासून. रंग, फळं, प्राणी, माझे नाव अमुक. "आमची पहिली चार पानं लय झाली ताई, पुढं कोणी जातच नाय." हे मी ज्योत्स्नाताईंना सांगायला नको होतं का? हवं होतं. पण पहिलाच दिवस, गाडीत सगळे इतके आनंदात, गाणी म्हणतायत... आणि कोण सांगणार? नवीन ना मी!

आता ही हर्षाली. त्या बालगृहात मुली पाचवीपर्यंतच ठेवतात. पुढे जिला घर आहे ती घरी. हर्षालीला घर म्हणजे केरूमामा, विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कामाला. मामाची तीन लहान पोरं आहेत आणि मामी खळ्यावर, तेव्हा हर्षाली तिथे गेली की तिने काय करायचं ते आधीच ठरलेलं. शाळा त्यात नाही. पण तालुक्याला एक निवासी शाळा आहे, सहावी ते बारावी, राहणं-जेवण-शिकणं सगळं तिथेच, त्याची प्रवेश परीक्षा. मामा म्हणाला होता, "पास झाली तर जाऊ द्या. नाय झाली तर मी मे महिन्यात घेऊन जातो." झालं! एवढ्या एका कागदावर पोरगी उभी. आणि त्या कागदावर अपूर्णांक. आणि अपूर्णांक शिकवायला कोणी नाही, कारण गावच्या शाळेत गुरुजी एक आणि वर्ग चार, आणि रविवारी येणारे सगळे लाल रंग घेऊन येणार!

तर त्या पहिल्या रविवारी ती वही छातीशी धरून आली. "ताई, तुम्हाला अपूर्णांक येतात?"

मला! अहो, दुसरं येतंय काय मला! पोळी वाकडी, रांगोळी तिरकी, पण अपूर्णांक? दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी मला येणारं काहीतरी विचारलं. परीक्षेपर्यंत तो धरून पाच रविवार होते. मी भिंतीला टेकून खाली बसले, म्हटलं, समज एक भाकरी आहे, तिचे चार भाग केले, तीन तुला दिले, तर किती? ती म्हणाली, "इथं असं देत नाय ताई. अर्धी नाय तर आख्खी." मी भाकरी सोडली आणि झेंडूची माळ घेतली.

दुसऱ्या रविवारी बेरीज झाली. तिसऱ्या रविवारी वजाबाकी, छेद वेगळे असलेली, जिथे भलेभले आपटतात. ही पोरगी जीभ बाहेर काढून, एकेक आकडा कोरून, बरोबर! मला इतका आनंद झाला की मी आठवडाभरात बोलले नसेन एवढं एका दमात बोलले. म्हटलं, "आता फक्त गुणाकार आणि भागाकार. गुणाकार सोपा आहे, आत्ताच करू. भागाकार पुढच्या रविवारी!"

पुढच्या रविवारी. किती सहज येतो हो हा शब्द तोंडात! आणि तो बोलून, गुणाकार उरकून मी हात धुवायला टाकीमागे गेले.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

घरी आले तर हॉलमध्ये बारा माणसं. मावससासूबाई, त्यांचे जावई, पेढे. "अगं, तुझ्यासाठीच चाललंय सगळं! रविवारी गडावर जायचं, गाडी ठरली. नव्या जोडीचं देवीदर्शन राहिलंय अजून!" म्हणजे सप्तशृंगीचा गड. रविवारीच. कारण जावयांना सुट्टी रविवारीच. मी ह्यांच्याकडे, समाधानकडे बघितलं. ते भले, ते म्हणाले, "तुला काही होतं का रविवारी?" बारा माणसं माझ्याकडे बघायला लागली. आता बारा माणसांसमोर, हातात पेढा, देवीच्या विरुद्ध बाजूला कोण उभं? अपूर्णांकांचा भागाकार! सांगा, कोणती सून बोलेल? मी पेढा तोंडात टाकला. नवीन ना मी!

बालगृहात फोन मात्र केला हं. तिथल्या विमलाबाई, पोरी त्यांना मॅडम म्हणतात, त्यांना म्हटलं, ह्या रविवारी जमत नाही, घरी जरा... पुढचं वाक्य मला म्हणवेना. त्या म्हणाल्या, "हो हो, काही हरकत नाही. सांगते मी मुलींना. सवय आहे त्यांना."

सवय आहे त्यांना! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गडाची एकेक पायरी चढताना ते कानात. वर सगळ्यांनी नवस बोलले, मला म्हणाले, तूही माग काहीतरी. आता मागण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती देवीने करण्यातली नव्हती, माझ्याच करण्यातली होती.

मी ठरवलं, पाचवा रविवार आहे. एक दिवस पुरे. भागाकार काय, उलटा करून गुणायचं, दोन तासांत येतो हुशार पोरीला. तर शनिवारी ज्योत्स्नाताई साडी घेऊन दारात. "वहिनी, उद्या ही नेसा! कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, सगळ्या स्वयंसेवकांचा सत्कार! तुमचंसुद्धा सर्टिफिकेट आहे!" मी चक्क बोलले. हळू, पण बोलले. "मग उद्या बालगृहात कोण जाणार?" त्या हसल्या, "उद्या कोणीच नाही हो, उद्या आपला सत्कार नाही का? आणि बॅच संपली आपली. आता जूनमध्ये नवी."

आणि मी गेले. स्टेजवर चढले. हातात गुलाब, सर्टिफिकेट, त्यावर 'वंचित मुलींच्या आयुष्यात ज्ञानाचा दिवा लावल्याबद्दल' असं सोनेरी अक्षरांत. टाळ्या वाजल्या, मी नमस्कार केला. हॉलमधल्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. साडेअकराला मी तिला शिकवायला बसायचे. आईंनी त्याच संध्याकाळी फ्रेम करून आणलं, टीव्हीच्या वर लावलं. येणारा-जाणारा वाचतो, माझ्याकडे बघतो, "वा!" मी चहा आणायला आत जाते.

सहाव्या रविवारी परीक्षा झाली. मी घरी भोपळ्याच्या घाऱ्या तळत होते.

सातव्या रविवारी मात्र सकाळी ओट्याशी उभी राहून म्हटलं, "आई, मी जाऊन येऊ?"

"कुठे गं?"

"त्या मुलींकडे."

आई खरंच गोंधळल्या हो, मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. म्हणाल्या, "अगं, पण सर्टिफिकेट मिळालं ना?"

ह्यांनी स्टँडपर्यंत सोडलं. "चारच्या गाडीने ये, आई वाट बघतील." मी एसटीने एकटी, पिवळ्या टी-शर्टशिवाय. पोचले तर अंगणात कुणाचा तरी ग्रुप आलेला, त्यांचे टी-शर्ट हिरवे, आणि गोल. "चला, आधी ओळख!" मी फाटकाशीच थांबले. डॉक्टर झाली, कलेक्टर झाली, बारकी पायलट ह्या वेळी अडखळली नाही. हर्षालीची पाळी आली. "माझे नाव हर्षाली. मला शास्त्रज्ञ व्हायचंय." तेवढ्यात तिने मला बघितलं. हसली. आपल्याकडे पाहुणे आले की हसतो ना, तसं.

मग ती आणि संध्या आल्या माझ्याकडे. पाणी घेऊन आल्या. मी विचारलं, पेपर कसा गेला? हर्षाली माझी समजूत काढायला लागली. माझी! "चांगला गेला ताई. तुमची वजाबाकी सगळी आली. बेरीज पण. पाच गणितं भागाकाराची होती, ती सोडली. बाकी लिहिलं." निकाल? "लागायचाय. पण मॅडम म्हणाल्या, पाच म्हणजे लय झाली." मामा? "कपडे धुऊन ठेवायला सांगितलेत." आणि वर म्हणते, "तुमची काय चूक नाय ताई. देवीचं होतं ना, कुंदनदादा सांगत होते."

मला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. पण मी अशी, की माझं रडूसुद्धा गप्प. मागे हिरव्या टी-शर्टवाल्यांनी लाल कागद वर धरलेला. कोणीतरी "हिरवा?" म्हणालं. संध्या माझ्या हातातला रिकामा पेला घेत, अगदी मोठ्या बाईसारखं, निरोप देताना विचारतात तसं म्हणाली, "परत कधी येणार ताई?"

ह्याचं उत्तर ठरलेलं असतं. लवकरच म्हणायचं. आणि पोरी सुरात 'होऽऽ' म्हणतात. दोघींनी होऽऽसाठी तोंड उघडलंसुद्धा होतं.

मी म्हटलं, आणि तुम्हाला सांगते, माझा आवाज मलाच मोठा वाटला, "मला नाही माहीत गं पोरींनो. मला घरी विचारून यावं लागतं, आणि दर वेळी विचारायचं धाडस होईलच असं नाही. आज चारची गाडी आहे माझी. परीक्षा झाली ते झाली... वही आण, तेवढ्या वेळात भागाकार करून टाकू."