आडवं हलणं

कुमासीच्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर मयताला जाताना नेसायच्या काळ्या-लाल कापडातली एक बाई आणि तिचा इंजिनियर भाचा बोलत होते.

"अमोआ, माझ्या बाडूचा पाय काढावा लागणार म्हणतात."

"ऐकलं, आत्या."

"शवपेटी खांद्यावर होती त्याच्या. तुझा पूल असा झुलायला लागला, की पेटीसकट सगळी पोरं कठड्यावर आदळली."

"थरथर आवरायला मी पुलाखाली वजन टांगलं होतं."

"मग ते काय झोपलं होतं?"

"ते फक्त वर-खाली हलणं आवरतं. आडवं हलणं अगदी थोडं होतं. म्हणून गणिताचं मॉडेल सोपं करताना मी ते सोडून दिलं."

"थोडं?"

"माणसं आपापल्या चालीनं गेली तर थोडंच. सगळे एकाच तालावर डावी-उजवीकडे डोलले, तर पूलही डोलायला लागतो."

"आणि आपल्याकडे मढं कसं नेतात रे?"

"मॉडेलमध्ये मी माणसं नुसती चालतात असं धरलं होतं, आत्या."

"ते नाही विचारलं मी. तुझ्या बापाला आपण कसं नेलं?"

"तालावर नाचवत."

"पुढच्या खांद्याला कोण होतं?"

"मी."