इंजिन गप्प झालं तो सोमवार

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. वाहन विभागाचे प्रमुख साहेब. आज सेवेतून मोकळे होणारे आपले मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी. डॉक्टर मंडळी, सिस्टर मंडळी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दाराशी उभे असलेले माझे ड्रायव्हर बांधव, सर्वांना माझा नमस्कार.

मला तीन मिनिटं दिली आहेत. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलं. पण साहेब, आज जरा सांभाळून घ्या.

माझ्याआधी पाच जण बोलले. मिस्त्रींच्या कानाचं सगळ्यांनी कौतुक केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली की त्यांना आतलं सगळं कळतं, हे अगदी खरं. पण एक शब्द कुणीच उच्चारला नाही. ‘जाड ऑइल.’ बघा, मागे हसू फुटलंच! गेली नऊ वर्षं त्यांच्या हातून एखादी गाडी शांत होऊन आली, की आपल्यातलं कुणीतरी डोळा मिचकावून म्हणतं, “जाड ऑइल ओतलं वाटतं.” मीही म्हटलंय. ते आलं कुठून, ठाऊक आहे कुणाला?

तीन नंबरची रुग्णवाहिका जुन्या लोकांना आठवत असेल. अकरा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. सव्वाचार लाख किलोमीटर झाले आणि तिच्या पोटातून ठोके ऐकू यायला लागले. चढाला लागली की ठक् ठक् ठक्. आतला पेशंट विचारायचा, “भाऊ, पोचू ना आपण?”

मिस्त्रींनी कान लावला आणि म्हणाले, “वरचा आवाज असता तर तासात घालवला असता. हा खालून येतोय. बेरिंग गेलंय. गाडी उभी करा.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. जरा चौकशी करतोय.”

कसली चौकशी? मला ते उत्तर खटकलं. त्याच आठवड्यात मी त्यांना फाटकाबाहेर भंगारवाल्याशी बोलताना पाहिलं. एकदा नव्हे, तीनदा. मी जवळ गेलो की दोघं गप्प. भंगारवाला माझ्या गाडीकडे बघून मान हलवायचा. आता तुम्हीच सांगा, तुमच्या मनात काय आलं असतं? माझ्या मनात तेच आलं. हा माणूस माझी गाडी मोडीत काढायला निघालाय.

त्यात महिन्याभरानं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, “सोमवारी तपासणी आहे. आवाज राहिला तर तीन नंबर बाद, आणि तुम्ही आवक-जावक टेबलावर.” स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला पाकिटांवर शिक्के मारायला बसवणार!

रविवारी मिस्त्रींची सुट्टी. गाडीची किल्ली कुणाकडे असते? ड्रायव्हरकडे. मी दुकानातून घट्ट, मधासारखं काहीतरी आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, जुन्या इंजिनाचा आवाज बंद. दोन बाटल्या ओतल्या. मी ओतल्या. मिस्त्रींनी नाही.

हॉल एकदम शांत झाला. त्या सोमवारी इंजिनही असंच शांत झालं होतं. तपासणीवाल्यांनी कान दिला, मान डोलावली, सही केली.

अर्ध्या तासात निरोप आला. अडलेली बाई, मोठ्या रुग्णालयात हलवायची, वाटेत घाट. तिला आत झोपवलं, नवरा पायाशी बसला, आणि मी फाटकाशी आलो तर मिस्त्री गाडीसमोर उभे.

“ड्रायव्हरसाहेब, हे इंजिन गप्प का?”

“बरं झालं असेल.”

“सव्वाचार लाख पळालेलं इंजिन एका रविवारच्या विश्रांतीनं बरं होत नाही. उतरा खाली.”

तो नवरा त्यांच्या अंगावर धावून गेला. मीही तोंडाला येईल ते बोललो. ते हलले नाहीत. त्यांनी पाच नंबर बोलावली, बाईला तिच्यात हलवलं, आणि ती वेळेत पोचली. मग आमच्या गाडीचं ऑइल परातीत काढलं. त्या घट्ट ऑइलात सोनेरी कीस चमकत होता. बेरिंगचा. तरी माझं मन काय म्हणालं असेल? यानंच टाकला असेल!

मग त्यांनी खालून इंजिन उघडलं आणि माझा हात धरून आत नेला. “हलवून बघा.” जो दांडा तसूभर हलायला नको, तो माझ्या बोटांत खुळखुळला. घाटात ते इंजिन जाम झालं असतं. मागे ती बाई असती.

चौकशी झाली. जाड ऑइल कुणी घातलं? मिस्त्रींनी लिहून दिलं, ‘गाडी माझ्या देखभालीत होती.’ एवढंच. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका बसला आणि मुख्य मिस्त्रीची जागा दुसऱ्याला गेली. आणि भंगारवाला? आठ दिवसांनी त्याच मॉडेलचा जुना, धड क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हातगाडीवर घालून घेऊन आला. कंपनीनं तो बनवणं कधीच बंद केलं होतं. मिस्त्री दीड महिना तोच शोधत होते. खात्री नव्हती म्हणून मला बोलले नव्हते. तीन नंबर त्यानंतर पाच वर्षं धावली, ती त्या क्रँकवर.

ते गप्प का राहिले, हे मला आजही माहीत नाही. मी त्यावरही संशय घेतला. म्हटलं, उपकार करून ठेवलाय, कधीतरी वसूल करील. नऊ वर्षं वाट पाहिली. साधी सुट्टीची अदलाबदलसुद्धा मागितली नाही त्यांनी.

वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघताय. नऊ वर्षांत तुम्हीही यांना कधी विचारलं असेल, “खरंच तुम्ही घातलं होतं का हो?” त्याचं उत्तर मी आज सगळ्यांसमोर देतोय. अध्यक्ष मॅडम, हे सगळं लिहून, सही करून मी आणलंय. ते पाकीट आपल्यासमोर ठेवतो. तो ठपका आज पुसून माझ्या नावावर लिहावा. माझी अजून चार वर्षं शिल्लक आहेत. जे व्हायचं ते होऊ द्या.

मिस्त्री, तुमच्या पुढच्या आयुष्याला शुभेच्छा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, संयोजकांनी माईक माझ्या हातात राहू दिला, सर्वांचा आभारी आहे. शेवटी वक्ते क्षमा मागतात. जे केलं त्याची क्षमा इथे उभं राहून मागायची माझी लायकी नाही; ती मी मिस्त्रींच्या घरी जाऊन मागेन. इथे फक्त भाषण लांबलं, तेवढ्याचा राग मानू नका.