काकाची गिटार अन् पुण्याचं गिऱ्हाईक

अरे, आमच्या मेहकरच्या काकाचं ऐका. त्यायची जुनी, पोकळ पोटाची इलेक्ट्रिक गिटार काकूले अडगळ वाटे. तिनं परस्पर पुण्याचं गिऱ्हाईक बोलावलं. नेमकी काकाच्या कानाची मशीन हरवलेली, म्हणून ते कशालेही "हाव" म्हणून राह्यले होते.

"कंडिशन चांगली आहे ना?" पुण्याच्या पाव्हण्यानं काकाले विचारलं.

"हाव."

"नक्की विकायची?"

"हाव."

पाव्हण्यानं तार छेडली, तर आतून खुळखुळ. "आत काहीतरी सुटलंय," म्हणत त्यानं गिटार उलटी करून हलवली. छिद्रातून कानाची मशीन टपकन खाली पडली.

काकानं ती पुसून कानात घातली अन् मले विचारलं, "हे कोण हायेत बे?"

"तुमची गिटार इकत घेऊन राह्यले."

काकानं गिटार हिसकून छातीशी धरली. "काऊन? मी मेलो काय? यायले चहा पाज अन् बसस्टँडवर सोड!"