मोकळी तार

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या फाउंड्रीचे मालक आदरणीय हंबीरराव साहेब, शेजारी बसलेले उत्पादन व्यवस्थापक अमरसिंह, व्यासपीठावरील अन्य मान्यवर आणि ज्यांच्यावर मी नोकरीभर ओरडले ते माझे सहकारी बंधू-भगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी मला 'शिस्तप्रिय' म्हटलं. माझ्यामागे काय म्हणता तेही मला ठाऊक आहे, आणि ते जास्त खरं आहे. 'बाईंनी विद्युत विभाग सांभाळला, एकही अपघात नाही,' असंही कौतुक झालं. ते मला घेववत नाही. गेल्या मंगळवारी अपघात होणारच होता. तो टाळणारी मुलगी आज या सभागृहात नाही.

झालं काय? भट्टीच्या पॅनेलवरचा अँपिअरमीटर भलतेच आकडे दाखवत होता. आमच्या वायरमन कामिलनं भट्टी चालू असतानाच त्याची एक तार सोडली. माझी सहायक अभियंता स्वप्नाली धावत गेली, तर हा तिलाच समजावतोय, "मॅडम, तार मोकळी हाय की. टेप मारतो. मोकळ्या तारंत करंट असतोय व्हय?"

कितीदा सांगायचं? ती तार सीटीची, करंट ट्रान्सफॉर्मरची. जाड केबलभोवती बसवलेलं ते कडं मोठ्या करंटचा बारीक अंश मीटरकडे धाडतं. पाटाचं पाणी सोडलंय आणि पुढं कुणी शेतात नेणारा दांड बुजवला, तर पाणी थांबतं का? बांध फोडतं. इथं तार सोडली की टोकांवर हजारो व्होल्ट चढू शकतात. इतरत्र शॉर्ट म्हणजे घात. इथं आधी सीटीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून शॉर्ट करायचं, मगच मीटर काढायचा. उलटं आहे, म्हणून तर प्रशिक्षण ठेवलं होतं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष वड्यांकडे.

पॅनेलमध्ये चरचर सुरू झाली. स्वप्नालीनं कामिलला मागं ओढलं, तारेला हात न लावता भट्टीचा ब्रेकर पाडून वीजच तोडली. हेच बरोबर होतं. ओतायला तयार झालेलं लोखंड वाया गेलं, मान्य. त्यावर अमरसिंह काय म्हणाले? "एका मीटरपायी भट्टी पाडली. उद्या ही पोरगी बल्ब बदलायला अख्खं कोल्हापूर अंधारात ठेवंल." सगळे हसले. संध्याकाळी तिला निलंबित करून घरी बसवलं. चौकशी उद्या आहे, आणि तिच्या बाजूनं बोलायला उद्या मी इथं नसेन.

अमरसिंह, लोखंड पुन्हा वितळतं. कामिल मघाशी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता. दोन्ही हातांनी. ते कुणामुळं, हे चौकशीत कोण विचारणार आहे?

साहेब, शाल-श्रीफळ मनापासून घेईन. पण स्वप्नालीला कामावर परत घेतलं, हे आधी इथं सांगा. नुसती मान हलवू नका, मागच्या रांगेला ते दिसत नाही.

आपण सर्वांनी ताटं वाढलेली असताना ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ जरा तिखट झाली असेल तर पोटात घाला.

हा माइक घ्या, साहेब. चालू आहे.